तिसरा चौकोन

मोटर निवडताना मी पाच प्रश्न विचारते. मोटर बसणार त्या खोलीत कसली वाफ असते, किती वेळ असते, ती किती अंशांना आपोआप पेटते, खोली किती तापते आणि मोटर रोज किती तास चालणार. उत्तरं आली की उरलेलं काम कोष्टक बघण्याचं.

गेल्या वर्षी औषधी मुळांचा अर्क काढणाऱ्या एका कारखान्यासाठी मी याच प्रश्नांचा आणि वापराच्या अटींचा तक्ता भरला. त्यांच्या द्रावकाच्या पंपाला मोटर हवी होती. द्रावक होतं हेक्झेन. त्याची वाफ सव्वादोनशे अंशांच्या आसपास पेटते, म्हणून मी टी-थ्री वर्गाची स्फोटरोधक मोटर सुचवली. या वर्गाच्या मोटरचं बाहेरचं अंग दोनशे अंशांच्या वर तापू नये, अशी अट असते. निवड बरोबर होती. मी ती नंतर किती वेळा तपासली, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

त्या पंपावर माझा सख्खा भाऊ काम करतो. मी मोटर सुचवली त्याच्या आधीपासून तो तिथे आहे. तिथल्या मोटरची निवड माझ्याकडे आली हा निव्वळ योगायोग.

एका रविवारी दादा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला आले होते. वहिनीने आईला वाढता वाढता तक्रार सुरू केली.

"यांच्या कपड्यांना हल्ली गोड गोड वास येतो, आई. दोन महिने झाले. मी विचारलं, कोण भेटली म्हणून."

"भेटली कुठली? रोज सहा ते दोन तिच्याच खोलीत असतो," दादा म्हणाला. "ईथर. हेक्झेन गेलं, आता हे आलंय. अर्क जास्त निघतो म्हणे. आणि मास्तरीणबाई, तुमची ती मोटर फार तापते हं. बेअरिंगकडच्या बाजूला हात ठेवता येत नाही."

तो मला लहानपणापासून मास्तरीणबाई म्हणतो. मी घास ताटात परत ठेवला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"ईथरची वाफ एकशे पंचाहत्तरला पेटते."

"मग?"

"मोटरला दोनशेपर्यंत तापायची परवानगी आहे."

"पण तिच्यावर स्फोटरोधक लिहिलंय की," दादा म्हणाला.

"लिहिलंय. ते हेक्झेनसाठी खरं होतं."

सोमवारी ऑफिसला पोचल्याबरोबर मी कारखान्याच्या मॅनेजरना फोन लावला. ते अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मोटर तुम्हीच दिलीत ना?"

"तेव्हा हेक्झेन होतं, सर."

"प्रमाणपत्र माझ्यासमोर आहे. यात हेक्झेन कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. प्रमाणपत्रावर फक्त वर्ग असतो. कुठल्या वाफेसाठी, हे आमच्या तक्त्यात असतं आणि तक्ता फाइलमध्ये असतो.

"आणि दोन महिने ईथरवर चाललीय," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "काही झालंय का? तीन महिन्यांनी कारखाना देखभालीला बंद ठेवणार आहोत, तेव्हा बघू."

काहीच न घडलेला प्रत्येक दिवस त्यांच्या बाजूने साक्ष देत होता. माझ्या बाजूने साक्ष देईल असा एकच दिवस असू शकत होता, आणि तो मला नको होता.

मी पत्र लिहिलं. एकशे पस्तीसच्या आत राहणारी टी-फोर वर्गाची मोटर सुचवली. बनवणाऱ्यांनी चौदा आठवडे सांगितले. सरकारी तपासणी कार्यालयात अर्ज दिला, तिथून नोंदणी क्रमांक आला आणि तपासणीसाठी पुढच्या तिमाहीतला एक आठवडा. आमच्या साहेबांनी माझ्या पत्राची प्रत वाचून सही केली.

"कळवलंस ना? मग आपले हात स्वच्छ," ते म्हणाले.

दादाला मी रजा घ्यायला सांगितली.

"चौदा आठवडे? रजा काय झाडाला लागतात?"

"मग दुसरं काम माग."

"मागेन. माझ्या जागी मुळं भरणाऱ्या भरणीवाल्याला उभं करतील. त्याला दोन मुलं आहेत."

"तुला एक आहे."

"म्हणजे यात मी जिंकलो की हरलो?" तो हसला.

शेवटी मी त्याला तापमानाची पट्टी दिली. बोटभर लांबीची असते. तिच्यावर चार पांढरे चौकोन होते, नव्वद, एकशे दहा, एकशे तीस आणि एकशे पन्नास अंशांचे. पृष्ठभाग तेवढा तापला की तो चौकोन काळा होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. पंप बंद असताना ती बेअरिंगकडच्या बाजूला लाव, असं मी दादाला सांगितलं. रोज पाळी संपली की तो सव्वादोनला फोन करायचा.

पहिल्या दिवशी "एक काळा." चौथ्या दिवशी "दोन." नवव्या दिवशी तो जरा घुटमळला.

"तिसरा बदलतोय. काळा नाही म्हणता येणार. चहा सांडल्यासारखा दिसतोय."

मोजलेला आकडा हातात आला होता. आता तरी ऐकतील, असं मला वाटलं. त्याच दुपारी मी कारखान्याला दुसरं पत्र पाठवलं. त्यात चौकोनांचे आकडे तारखांसह लिहिले.

आकडे कुठून आले, हे ते विचारतील, एवढं साधं मला सुचलं नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पाहणी केली असता मोटरवर परवानगीशिवाय लावलेली पट्टी आढळली, ती काढून टाकली आहे, संबंधित ऑपरेटरला लेखी समज दिली आहे. पुढे माझ्याच तक्त्यातलं सातवं कलम उतरवलं होतं : 'मोटरच्या अंगावर कोणतीही पट्टी, लेप अथवा जादा रंग लावू नये.' अशा पट्टीवर स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते, म्हणून हे कलम मी प्रत्येक तक्त्यात घालते. कलम बरोबर आहे. ते मला माहीत असूनही मी पट्टी दिली होती.

सोबत, पुरावा म्हणून, पट्टी टाचली होती. तिसरा चौकोन पूर्ण काळा होता. त्यावर चहा सांडल्याची काही खूण उरली नव्हती. चौथा पांढरा होता. निदान पट्टी काढली त्या घटकेपर्यंत पांढरा होता. त्यानंतरचं सांगायला मोटरवर काही नाही.

ती लेखी समज दादाला होती. वहिनीने फोन करून एवढंच विचारलं, "तुम्ही म्हणता ते एकशे पंचाहत्तर, ते रोज थोडं थोडं जवळ येतं का हो, ताई?" मी म्हटलं, तसं सांगता येत नाही. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

पट्टी गेली तरी दादाचा फोन सव्वादोनलाच येतो. आज सव्वादोन झाले. पट्टी माझ्या टेबलावर आहे. दोन वीस झाले. मी खालच्या फाइली वर केल्या आणि परत खाली ठेवल्या. दोन सत्तावीसला फोन वाजला.

"गेटवर सही करायला रांग होती," दादा म्हणाला.

"मोटर?"

"तिला वारा लागावा म्हणून तिचा पंखा आणि जाळी ब्रशने साफ केली. हात लावून पाहिला. गरम आहे."

"किती गरम?"

"गरम गं. माझ्या हातावर काय आकडे छापलेत?" मागे सायकलची घंटा वाजली, कोणीतरी त्याला हाक मारली. "चल, ठेवतो. उद्या पण सकाळचीच पाळी आहे."