वाघोबाच्या पाठीमागचा डबा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डबा, आणि फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते तुम्हाला कळणारच आहे. आजही कुणी दबक्या पावलांनी जवळ आलं की माझ्या झाकणाची कडी आपोआप घट्ट आवळली जाते.

माझा रंग हिरवट काळा, कोपरे दणकट, आणि पोटावर पांढऱ्या रंगात छापलेले आकडे. ते आकडे तेवढे ध्यानात ठेवा. पुढे सगळा घोळ वाढवला तो त्यांनीच.

नव्वद सालाच्या आसपास एका कारखान्यात मी तयार झालो. मला लष्करासाठी बनवलं होतं आणि माझ्या पोटात बंदुकीच्या गोळ्या ठेवत. असा डबा शूर असणार असं लोकांना वाटतं. पण ज्याच्या पोटात सदा दारू भरलेली, त्यानं शूर व्हायचं कसं? गोदामात कुणी लांब कोपऱ्यात विडी पेटवली तरी इकडे माझा पत्रा गार पडायचा. लढाई मी एकही पाहिली नाही. सगळी नोकरी फळीवर बसून झाली. मग एक दिवस मला रिकामं केलं आणि लिलावात काढलं. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे फुटके कुकर आणि वाकडे पंखे यांच्या शेजारी मी येऊन पडलो. त्यातलं रोज काही ना काही वितळवायला जाई. आज माझा नंबर लागतो की उद्या, एवढाच माझा विचार असे.

तिथून मला साईनाथनं उचललं. हा मुलगा खर्डीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मुंबईला संगणकाच्या ऑफिसात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालायचा. माझ्या झाकणाच्या आतलं रबर त्यानं बोटानं दाबून पाहिलं. पाणी आत जाणार नाही याची खात्री झाल्यावर तो असा हसला, जणू त्याला लग्नाचं स्थळच पसंत पडलं.

तो मला एका खेळासाठी नेत होता. तो खेळ तेव्हा आपल्याकडे नवाच होता. एकानं रानात डबा लपवायचा. उपग्रहावरून जागा सांगणारं एक हातात मावणारं यंत्र असतं, त्यावर दिसणारे त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. मग अनोळखी लोक आपापली यंत्रं घेऊन येणार आणि डबा हुडकणार. आतली एखादी छोटी वस्तू घ्यायची, तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून निघून जायचं. जगभर हा खेळ चालतो म्हणे. त्याचे नियमही होते, आणि पहिलाच नियम असा की, जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्यायची.

साईनाथच्या ऑफिसातली स्नेहलही हा खेळ खेळायची. डब्याची माहिती भरताना ती शेजारी बसली होती आणि मी टेबलावर होतो. संगणकानं विचारलं, परवानगी घेतली का? साईनाथनं बिनदिक्कत ‘हो’ भरलं.

“कुणाची घेतलीस?” स्नेहलनं विचारलं.

“अगं, आपलंच रान आहे ते. लहानपणापासून तिथली करवंदं खातोय मी.”

“करवंदं खाल्ली म्हणून रान तुझं होतं होय?”

साईनाथ हसला. स्नेहलही हसली आणि चहाला उठली. मला मात्र हुडहुडी भरली. ज्यांच्या घरी आपल्याला राहायला पाठवतायत त्यांना त्याचा पत्ताच नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण डब्याचं कोण ऐकतो?

डोळखांबच्या पुढे एका पाड्याच्या वरच्या अंगाला एक राई आहे. तिथलं लाकूड कुणी तोडत नाही. राईच्या मधोमध सागाच्या फळीवर कोरलेला वाघ उभा आहे, शेंदूर लावलेला. तो वाघोबा, पाड्याचा देव. त्याच्या मागे बेहड्याच्या मुळांत एक ढोली आहे. साईनाथनं मला त्या ढोलीत सरकवलं, वर पाला टाकला, जागा झकास आहे असं स्वतःलाच सांगितलं आणि तो निघून गेला.

समोर देव होता, ही गोष्ट खरी. पण त्याचं तोंड पलीकडे पाड्याकडे होतं. माझ्या वाट्याला त्याची पाठ आली.

पहिल्याच आठवड्यात खराखुरा बिबट्या येऊन मला हुंगून गेला. त्याच्या मिशा माझ्या कडीला लागल्या. साईनाथनं माझ्यात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या, त्यांच्या वासानं तो आला असावा. तेव्हापासून पानं वाजली की मी दचकू लागलो.

मग हुडकणारी माणसं येऊ लागली. मित्रांनो, माणूस ओळखायचा असेल तर त्याला एक डबा द्यावा आणि आपण एकटे आहोत असं त्याला वाटू द्यावं. ठाण्याचे एक गृहस्थ पितळेची शिट्टी घेऊन गेले आणि बदल्यात रबरबँड ठेवून गेले. वर माझ्यातल्या नोंदवहीत इंग्रजीत ‘फार आनंद झाला’ असं लिहून गेले, आणि तो व्हायलाच हवा होता. एका जोडप्यानं गोळ्या खाल्ल्या आणि कागद तेवढे परत ठेवले. एकजण मात्र छान छोटा आरसा ठेवून गेला आणि काहीच घेतलं नाही. असा माणूस मला संशयास्पदच वाटतो. त्या आरशानं पुढे काय केलं ते ऐका.

पाड्यात भिमी नावाची बाई राहायची. नवरा वारलेला, पदरात हिरी नावाची मुलगी. भिमी रानात हिरडे वेचायची आणि धसईच्या बाजारात विकायची. वेचता वेचता एकदा तिची काठी माझ्यावर खण्ण वाजली. तिनं पाला सारला, कडी उघडली आणि आत पाहिलं. मी श्वास रोखून धरला. आता ही मला उचलणार, भाकऱ्यांचा डबा करणार.

तिनं तसं काही केलं नाही. कितीतरी वेळ ती आरशात स्वतःचं तोंड बघत बसली. मग हिरीचं नाव पुटपुटत तिनं आरसा कमरेला खोचला आणि ओंजळभर हिरडे माझ्यात ठेवले. खेळाचा नियम तिला ठाऊक नव्हता. तिच्या पाड्याची रीतच तशी होती. राईतून काही नेलं तर काहीतरी ठेवायचं. पान नेलं तर पाणी शिंपडायचं, फळ नेलं तर चार दाणे टाकायचे. हात हलवत आत जावं आणि ओटी भरून बाहेर यावं, हे वाघोबाला खपत नाही असं तिथे मानतात.

पुढे आलेल्या माणसानं हिरडे पाहिले, खुश होऊन चार नेले आणि एक लाल गोफ ठेवला. भिमीनं हिरीच्या गळ्यापुरता गोफ तोडून नेला आणि मोराचं पीस ठेवलं. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं माझ्या पोटातून देणंघेणं करू लागली. तेवढे महिने मी जरा कमी घाबरलो, हे कबूल करतो.

पण दिवाळीच्या आधी बिबट्यानं नथूचा गोऱ्हा नेला, तोही राईच्या कडेला. नथू गोऱ्ह्यावरून आठ दिवस धड जेवला नव्हता. वाघोबाचं काहीतरी बिनसलंय, हे त्याच्या मनानं घेतलं. मग आली वाघबारस. त्या दिवशी सगळा पाडा राईत जमतो, वाघोबाला शेंदूर लावतो, नारळ देतो आणि आमच्या गुरांकडे बघू नको म्हणून विनवतो. आदल्या वर्षीचा पाला झाडताना देवाच्या मागून मी निघालो.

सगळे एकदम मागे सरले. नथू तेवढा पुढे आला. काठीनं त्यानं माझी कडी उचकटली. आत वही, मोराचं पीस, लाल गोफाचा उरलेला तुकडा, हिरडे. नथूनं वळून हिरीच्या गळ्यातल्या लाल गोफाकडे पाहिलं, आणि त्यातच ओवलेल्या आरशाकडे.

“देवाच्या पाठीमागं करनी ठेवलीय,” तो म्हणाला. “आन ठेवणारी हितंच उभी हाय.”

मागून कुणीतरी हळूच ‘भुताळी’ म्हणालं, म्हणजे चेटकीण. मित्रांनो, तो शब्द बाईला चिकटला की तिच्याकडे कुणी विस्तव मागायला जात नाही, तिच्या मुलीला कुणी मागणी घालत नाही, आणि शेवटी तिला घराला कुलूप लावून कुठेतरी निघून जावं लागतं. मी गोळ्या सांभाळल्या आहेत. त्या शब्दाची भीती मला गोळ्यांपेक्षा जास्त वाटली.

नथूनं मला जाळायला काटक्या गोळा केल्या. तेवढ्यात देवजी पुढे धावला. हा पाड्यातलाच, वनखात्यात रोजंदारीवर राखणदार. त्यानं माझ्या पोटावरचे आकडे पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वर्षी रेडिओवर, स्टेशनवर सारखं सांगत, बेवारस वस्तूला हात लावू नका.

“नथ्या, काडी लावू नको रे,” तो म्हणाला. “मिलिटरीचा हाय तो. फुटला तं वाघोबासकट जाऊ आपन.”

आता मला जाळावं तर स्फोट, ठेवावं तर करणी. दोन्ही बाजूंची माणसं मला घाबरत होती, आणि सगळ्यांत जास्त मी घाबरलो होतो, कारण मी फुटणार नाही हे मला माहीत होतं, पण जळणार हे नक्की होतं.

तेव्हा भिमी चालत माझ्यापाशी आली. हिरी रडत होती. भिमीनं मला मांडीवर घेतलं आणि आतली एकेक वस्तू काढून जमिनीवर मांडली.

“फुटला तं मी मरन,” ती म्हणाली. “आरसा मी नेला, हिरडं मी ठेवलं. गोफ नेला, पीस ठेवलं. डबा माझा नाय. माझ्याकडं असा डबा असता तं मी तांदूळ नसते ठेवले?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाड्याचा भगत लडकू, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, पुढे झाला. त्यानं विचारलं, जी बाई घेतल्याच्या बदल्यात काही ठेवते ती देवावर करणी कशाला करील? मग देवजीला म्हणाला, झाकणाच्या आत कायतरी चिकटवलंय, ते वाच.

ते सगळं, वहीसकट, इंग्रजीत होतं. ज्यांच्या रानात मला ठेवलं त्यांच्या भाषेत एक अक्षर नव्हतं. फक्त खाली एक फोन नंबर होता.

देवजीनं मला पोत्यात घालून हात लांब धरून वनखात्याच्या चौकीवर नेलं. वनपालांनी इंग्रजी वाचलं, कपाळाला हात लावला आणि फोन केला. पण साईनाथ येईतोवर भिमीच्या दारात कुणी फिरकलं नाही, हे देवजी रोज चौकीवर येऊन सांगायचा. मी अंधाऱ्या कपाटात ते ऐकत होतो.

रविवारी साईनाथ आणि स्नेहल आले. पाड्याच्या पारावर सगळे बसले आणि मला मध्ये ठेवलं. वनपालांनी सांगितलं की राखीव जंगलात लेखी विचारल्याशिवाय एक खुंटीही ठोकायची नसते, आणि खायची वस्तू तर ठेवायचीच नसते, जनावरं येतात. साईनाथ मान घालून बसला होता. वाईट हेतू नव्हता, एवढंच तो म्हणत राहिला. स्नेहलनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. करवंदांचा विषय तिनं काढला नाही, ते तिचे उपकार.

लडकूनं विचारलं, “खर्डीचा ना तू? तुझ्या बापाच्या देवघरात मी असा डबा ठेवून गेलो तं चालंल?”

मग भिमी उठली.

“राईतून काय नेलंस रे तू?”

“काही नाही, मावशी. शपथ. मी फक्त ठेवला.”

“नेलंस. माझं नाव नेलंस. माझ्या पोरीला आठ दिस कोनी हाक मारली नाय. आता त्याच्या बदल्यात काय ठेवतोस?”

साईनाथनं खिशाकडे हात नेला. भिमीनं मान हलवली. तो हात तिथंच राहिला.

“दर वाघबारशीला यायचं,” ती म्हणाली. “आधी पाड्यात, मंग राईत. देवाम्होरं उभं ऱ्हायचं आन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. डबा मी ठेवला, भिमीनं नाय.”

साईनाथ तिथल्या तिथे उभा राहिला आणि बोलला. पहिल्यांदा हळूच. लडकूनं कानामागे हात धरला. मग तो मोठ्यानं बोलला. नथूनं तोंड फिरवलं, पण घरी जाताना भिमीच्या घरून विस्तव मागून नेला.

माझ्या पोटावरचे आकडे त्याच दिवशी खरवडून काढले. मला हिरवा रंग दिला आणि वर मराठीत लिहिलं की हा खेळाचा डबा आहे, यात धोका नाही, पाड्यात विचारून उघडा. वनखात्याचा लेखी होकार आल्यावर जागा भिमीनं दाखवली. राईच्या बाहेर, पायवाटेच्या वळणावर, दगडांच्या कपारीत. इथून मला पाडा दिसतो, आणि पाड्याला मी. हुडकणारे आता आधी पाड्यात पाणी पितात, मग इकडे वळतात. रबरबँड ठेवणारे अजून येतातच, त्याला इलाज नाही.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. तरी दर वाघबारशीला सकाळपासून माझा पत्रा गार पडतो. साईनाथ यंदा आला नाही तर? माणसं विसरतात, आणि ‘भुताळी’ हा शब्द मात्र कुणीतरी लक्षात ठेवतंच. दुपारी वळणावर पावलं वाजतात. मी कडी आवळून धरतो. मग वर राईतून त्याचा आवाज येतो, आणि मला पुढच्या वर्षापर्यंत श्वास घेता येतो.

तुम्ही माझ्यासारखा डबा कुठे ठेवणार असाल तर जरूर ठेवा. फक्त आधी त्या जागेच्या माणसांच्या दारात जा, बसा, विचारा. ते नको म्हणाले तर मला तसाच पाठीवर परत न्या. तुमच्या पाठीवर मला भीती वाटत नाही.