उंबऱ्यात आडवा पडलेला बाक

मित्रांनो, कडावच्या बाजारात तौकीरशेठच्या किराणा दुकानापुढे जो लांबट, काळपट बाक दिसतो, तो मी. लोक मला बाकडं म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्वतःला बाकच म्हणवून घेतो, कारण एवढी वर्षं इमानाने माणसं पेलल्यावर थोडा मान माझाही आहे.

मी ऐनाच्या लाकडाचा. तौकीरचे वडील अलीशेठ यांनी साईनाथ सुताराकडून मला करून घेतलं. साईनाथ एकेक पाय ठोकताना म्हणत होता, "शेठ, दुकान पडंल, पण ह्यो हलायचा नाय." दुकानही पडलं नाही आणि मीही हललो नाही, पुढे एक प्रसंग येईपर्यंत.

माझे तरुणपणीचे दिवस झकास गेले. गिरणीवर दळण टाकून आलेल्या बायका माझ्यावर टेकायच्या. टेंपोची वाट बघणारे टेंपो येईपर्यंत गावच्या साऱ्या भानगडी माझ्यावर बसूनच निकालात काढायचे. पोरांचे पाय जमिनीला पुरायचे नाहीत, मग ती टाचांनी माझ्या पायांवर ठेका धरायची. अलीशेठ गेले, तौकीर गल्ल्यावर बसू लागला, आणि त्याची अम्मी हवाबी आतल्या खुर्चीवर. सारं गाव तिला चाची म्हणतं. तिला दम्याचा जुना त्रास, पण जीभ आणि माया दोन्ही जोरात. आलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आणि तांदूळ निवडायला, पुड्या बांधायला असायची भागी. चाची आणि भागी दिवसभर एकमेकींवर खेकसायच्या आणि दुपारी एकाच ताटलीतलं लोणचं खायच्या.

मग तो आजार आला. तुमच्यातले काही तेव्हा फार लहान असतील. तोंडावर मास्क, शाळेला कुलूप, माणसाला माणसाची भीती. पण पोट काही बंद ठेवता येत नाही, म्हणून किराणा दुकान उघडं ठेवावंच लागलं. तौकीरने बाहेर साबण आणि पाण्याची बादली ठेवली. गिऱ्हाइकांना उभं राहायला रस्त्यापर्यंत चुन्याचे गोल आखले. आणि मला उचलून थेट उंबऱ्यात आडवं टाकलं! माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'बसू नये'. सांगा बरं, बाकाला याहून मोठी शिवी कोणती असेल? मला फार वाईट वाटलं.

हळूहळू कामाची रीत कळली. तौकीर पुड्या माझ्यावर ठेवून मागे सरायचा, मग गिऱ्हाईक पुढे येऊन उचलायचं. पैसेही असेच माझ्यावरून जायचे. कुणाचा हात कुणाला लागत नव्हता, पण मला सगळ्यांचे लागत होते. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी मला साबणाने आंघोळ. माझं पॉलिश गेलं आणि मी आजारी माणसासारखा पांढुरका दिसू लागलो.

भागीसाठीही नियम होते. सकाळी ती आली की तौकीर मला एका टोकाने सरकवून वाट द्यायचा. तिने हात धुवायचे, मागच्या पडवीत एकटीने बसून काम करायचं. तौकीरने तिला बजावून सांगितलं होतं, "भागी, अंग जरा गरम वाटलं तरी घरी राहायचं. पगार बंद होणार नाही." भागी मान हलवायची. पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिची जाऊ एका फार्महाऊसवर कामाला होती. तिला 'थोडे दिवस येऊ नकोस' म्हणाले, आणि परत कधी बोलावलंच नाही.

सगळ्यांनी नियम पाळले, पण चाचीला कोण आवरणार? तिच्या दम्यामुळेच तर तौकीरचा हा सारा आटापिटा होता. आजार घरात शिरला तर अम्मीचा निभाव लागणार नाही, हे त्याला डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. पण चाचीला लांबून बोलणं म्हणजे शिक्षा. तौकीरचं लक्ष नसलं की ती पायाने मला हळूच रस्त्याकडे ढकलायची. "मेलं बाकडं, मधेच तडमडलंय," असं वर मलाच बोलायची. शेवटी तौकीरने माझ्या चारही पायांखाली रंगाच्या खुणा केल्या. तरी संध्याकाळपर्यंत मी खुणेच्या वीतभर पुढेच!

एका सकाळी तौकीर माल आणायला शिळफाट्याला गेला होता. भागी आली आणि बादलीपाशी घुटमळली. आतून चाचीने पाहिलं.

"भागी, डोळे का गं लाल?"

"चुलीचा धूर गेला, चाची."

"धूर कसला? बघू कपाळ इकडे." चाची उठलीच. तिचा मास्क हनुवटीवर घसरलेला, श्वास वाजत होता. गुडघ्याने मला रस्त्याकडे रेटून तिने भागीच्या कपाळाकडे हात पुढे केला.

आणि भागीने दोन्ही तळवे माझ्यावर टेकवून मला आत ढकललं. साऱ्या ताकदीनिशी. माझा पाय उंबऱ्यावर आपटला आणि कडकन चिरला.

"मागं सरा चाची! मला ताप हाय. काल सांजपास्नं हाय."

चाची जागच्या जागी थबकली. भागी पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि रडू लागली. "लपवून कामाला आले व्हते मी. वाटलं, कडंला बसून निवडीन. पन तुमी हात पुढं केलात नि जीवच घाबरला माजा."

"अगं पन आलीस कशाला मरायला?"

"तुमी दुसरी ठेवाल म्हून."

चाचीने मास्क नीट वर ओढला आणि नेहमीसारखीच खेकसली, "दुसरी? दुसरीला तांदळातला खडा तरी दिसतो का गं? जा घरी, आणि बरी होऊन ये. तुझी जागा कुठं पळून जात नाय."

भागीला तोच आजार निघाला. काही दिवस ती दवाखान्यात होती. तिचा नवरा कान्हा येऊन माझ्यावरची पिशवी घेऊन जायचा. पगार पाकिटात घालून तौकीर त्याच पिशवीत ठेवायचा, आणि चाची वरून खजूर नि आलं कोंबायची. त्या दिवसांत चाचीने मला एकदाही पुढे ढकललं नाही. उलट कुणाचा धक्का लागून मी सरकलो, तर स्वतः येऊन मला खुणेवर बसवायची. मग खुर्चीवर जाऊन माळ ओढत बसायची. तिला तो आजार झाला नाही.

भागी परतली ती निम्मी होऊन. डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, तरी बादलीपाशीच उभी. नळावरच्या बायका तिला बघून अजून बाजूला होत होत्या.

"आत ये गं," चाची म्हणाली.

"नको चाची. लोकं काय म्हन्तील?"

"लोकांनी निवडलेत काय माझे तांदूळ?" असं म्हणून चाचीने माझं एक टोक स्वतःच उचललं. तिला दम लागलेला बघून भागी धावली आणि तिने दुसरं टोक धरलं. मला भिंतीकडेला ठेवून दोघी आत गेल्या. आत गेल्यावर कोण रडलं ते मला दिसलं नाही, पण खेकसण्याचा आवाज मात्र चांगला ऐकू आला.

आता मी पुन्हा दुकानापुढे आहे. माझ्या चिरलेल्या पायाला लोखंडी पत्री मारली आहे. तेव्हा मित्रांनो, त्या टोकाला जरा बेताने बसा, आणि पत्रीचा खिळा वर आलेला दिसला तर ठोकून द्या, एवढी माझी विनंती आहे. आणखी एक सांगतो. आपलं माणूस कधी 'जवळ येऊ नको' म्हणालं तर लगेच रुसून बसू नका. त्याला तसं म्हणायला काय काय सोसावं लागलंय, ते आधी विचारा.

परवा साईनाथचा मुलगा आला होता. हा पाय काढून नवा बसवतो, म्हणाला. तौकीर तयार झाला, पण चाचीने हातोडीच काढून घेतली.

"राहू दे तो," ती म्हणाली. "त्याचा पाय मोडला, म्हणून माझा श्वास चाललाय."