पुसलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले. माझे सारे आयुष्य एका खासगी कॉलेजात, तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेले. आज मी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडलो आहे. त्याचे वाईट वाटतेच. पण मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

आमचे बाळकृष्णराव सर धर्माचे तत्त्वज्ञान शिकवत. देव आहे म्हणणाऱ्याला ते विचारत, "कशावरून?" नाही म्हणणाऱ्यालाही तेच विचारत.

जिकडेतिकडे कॉम्प्युटरचे वर्ग निघू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. अखिला नावाच्या विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ आडीपेरुक्कूच्या, म्हणजे भरून वाहणाऱ्या नदीच्या पूजेच्या सणाला तिरुवैयारूच्या घाटावर कावेरीला फुले वाहायला गेला आणि बुडाला. घरी तिने तोंड उघडले की सगळे म्हणत, "देवाची इच्छा. गप्प राहा." वर्गातही ती गप्पच बसे. एके दिवशी सर तिला, दोघांच्याही घरी बोलतात त्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "अखिला, मनात आहे ते लिही."

सगळ्यांना वाचता यावे म्हणून तिने तमिळमध्ये माझ्यावर लिहिले : देव दयाळू आहे आणि त्याला सगळे करता येते, तर त्याचीच पूजा करणारा मुलगा का बुडाला?

मुरली नावाचा मुलगा म्हणाला, "देवाचा त्यात काही हेतू असेल."

"माझ्या आईला हे सांगून बघ," अखिला म्हणाली.

"म्हणजे एवढ्या उत्तराने भागत नाही," सर म्हणाले. "अजून विचार करा."

कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. तेवढ्यात कॉलेजचे चिटणीस सांबशिव आत आले. त्यांनी ते वाचले, डस्टर उचलले आणि सगळे पुसून टाकले. "असले विचारायला आईबाप पोरींना इथे पाठवत नाहीत," ते अखिलाला म्हणाले. "तू बाहेर हो."

"ती जाणार नाही," सर म्हणाले. "तास संपलेला नाही."

अखिलाने खडू घेतला आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. बाकीचे सगळे मान खाली घालून बसले. मुरलीसुद्धा.

जूनमध्ये तो विषय बंद झाला. मुले येत नाहीत, असे कारण सांगितले. साफ खोटे! भरलेली बाके मी रोज बघत होतो. खोलीत कॉम्प्युटर आले. त्यांना खडूची धूळ चालत नाही म्हणून मला बाहेर काढले. अखिला मग सरांच्या घरी जाऊन शिकू लागली, असे पाणी प्यायला येणाऱ्या मुली बोलत.

मित्रांनो, मला रंग द्या, पुन्हा भिंतीवर टांगा, असे मी म्हणत नाही. फळा पुसण्यासाठीच असतो. पण एखादीने जीव तळमळून विचारलेला प्रश्न कुणी उत्तर न देताच पुसू लागले, तर बसून राहू नका. उठा.