तिसरा पहारा

अनसूयेने पदूचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजायला सुरुवात केली. मिनिट व्हायच्या आतच आकडा तिच्या हातून सुटला, इतकी नाडी पळत होती.

"मास्तरीणबाय, नाडीची पण हजेरी घेतेस का गं?" धाकटा भाऊ हसला. ओठ सुकलेले, डोळे मात्र लकाकत होते. पुढ्यातल्या भाताला त्याने बोटही लावलं नव्हतं.

कडावच्या देवळात सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. तीन-तीन तासांचा पहारा, एकाने उतरवली की दुसऱ्याने गळ्यात घालायची. पदू पहाटेपासून लागोपाठ दोन पहारे करून जेवायला आला होता, आणि लगेच तिसऱ्याला निघाला होता. गेल्या वर्षी त्यांचे वडील, नाना, असेच तिसऱ्या पहाऱ्यात कोसळले. वीणा गळ्यात असताना मरण आलं म्हणून दोन गावांची माणसं पाया पडायला आली.

डॉक्टरांनी तेव्हा अनसूयेला एकटीला बाजूला घेतलं होतं. नानांच्या बंडीत झोप उडवणाऱ्या गोळ्यांची पुडी निघाली होती. घाटातल्या ट्रकवाल्यांकडून त्या मिळत, आणि भजनाला रंग चढतो म्हणून मंडळी घेत. काळजाला चाबूक मारत राहिलं की ते पळतं, डॉक्टर म्हणाले, पण पळता पळता त्याचा ताल सुटतो, आणि एकाएकी थांबतं. घरी आली तर ओटीवर आईभोवती बायका बसलेल्या. तिने एवढंच सांगितलं, हृदय बंद पडलं.

आता तसलीच पुडी पदूच्या सदऱ्यातून डोकावत होती.

"नानांना ह्याच गोळ्यांनी नेलं, पदू."

"नानांना देवानं नेलं. आन् तुला आज आठवलं व्हय?" तो उठला. "जा, आयेला सांग असं."

त्यांची आई धोंडूबाई मागच्या पडवीत प्रसादाचे तांदूळ पाखडत होती. अनसूया समोर बसली आणि वर्षभर गिळलेलं सगळं तिने सांगितलं. सूप बराच वेळ हलत राहिलं. मग थांबलं.

"लय दुखलं आसंल का गं त्यांना?"

"छाती आवळून धरली होती म्हणे."

"मला लोक म्हनले, हसत गेलं."

लुगड्यावरचा कोंडा झटकून ती देवळाकडे निघाली. अनसूया मागोमाग गेली.

पदू वीणा घेऊन डोलत होता. मानेवरची शीर लांबूनही उडताना दिसत होती. धोंडूबाई त्याच्याकडे न जाता खांबाकडे गेली. तिथे भजनी मंडळाने नानांची तसबीर लावली होती. पहाऱ्याला उभं राहण्याआधी पोरं तिच्या पाया पडत. धोंडूबाईने हार उतरवला, मग तसबीर. टाळ विरळ झाले. मंडळाचा म्हातारा मोरू लगबगीने आला, हे काय करतेस म्हणाला.

"ते गोळ्या खाऊन गेलं, मोरूभावजी. त्यांच्या पाया पडू नगा." तिचा आवाज चढला नाही. "घरी लावते. घरचाच मानूस व्हता."

तसबीर पदराखाली धरून ती पायऱ्या उतरली. पदू रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. मोरूने वीणा घ्यायला हात पुढे केले आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने पदूने वीणा उतरवायला मान वाकवली.