स्लाविशाच्या नावाचा गहू

स्तामेन्काने गहू उकडला, त्यात अक्रोड कुटून घातले, वर साखर पेरली आणि मनाशी म्हणाली, 'आज तुझं पितळ उघडं पाडते की नाही बघ, ग्रादिमिर!'

त्यांच्या मोरावा नदीकाठच्या गावात मृतांच्या शनिवारी असा गहू कुणी पुढे केला, की चमचाभर तोंडात टाकायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं. पक्का वैरीसुद्धा नको म्हणत नाही. पण ग्रादिमिर म्हणणार, याची तिला खात्री होती. औषधं सोडल्यावर या शेजाऱ्याचं डोकं फिरलं होतं, सगळे आपल्याला विष घालतात असं त्याने धरलं होतं. उपाशी राहू नये म्हणून तिचा स्लाविशा घेवड्याची ताटली घेऊन कुंपणापलीकडे गेला, आणि या मुडद्याने त्याच्या डोक्यात कुदळ घातली. एकुलता एक पोरगा!

कोर्टाने त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं, आणि आता म्हणे तो बरा झाला. हा पुन्हा कुणाच्या अंगावर धावेल का, ते इस्पितळाच्या डॉ. रुझित्साने कोर्टाला सांगायचं होतं. सोडला तर तो त्याच घरात, तिच्या कुंपणाला लागून राहायला येणार. डॉक्टरने स्तामेन्काचंही म्हणणं मागवलं होतं. ती म्हणाली, "सांगीन, पण त्याच्या तोंडावर." ग्रादिमिर तयार झाला.

इस्पितळाच्या भेटीच्या खोलीत, डॉक्टर आणि रखवालदारांदेखत, तो समोर येऊन बसला. अंगाने सुटला होता, केस पांढरे झाले होते. स्तामेन्काने काचेचा वाडगा पुढे सरकवला.

"खा. माझ्या पोराच्या नावाचा आहे."

डॉक्टरने मान वर केली. ग्रादिमिर गव्हाकडे बघत राहिला. 'नको म्हण, म्हण,' स्तामेन्का मनात म्हणत होती. 'एकदा विष म्हण, की सडलास इथेच!'

त्याने चमचा भरला, खाल्ला, क्रूस काढला. "देव स्लाविशाला क्षमा करो." मग दुसरा चमचा घेतला आणि हळूच म्हणाला, "साखर कमी पडली, काकू. त्याला भरपूर लागायची."

खरं होतं ते. अगदी खरं. आणि ते याने सांगावं? याने?

"मेल्या, त्याचं नाव घेतोस!" स्तामेन्काने वाडगा उचलून त्याच्या कपाळावर हाणला. काच फुटली, रक्त आलं. तिने पुन्हा हात उगारला. ग्रादिमिर उठला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन, डोळे मिटून उभा राहिला. रखवालदारांनी तिला धरलं तेव्हा तोच म्हणाला, "सावकाश. काच लागेल त्यांना."

त्याला टाके घालायला नेलं. स्तामेन्का धापा टाकत खुर्चीत बसली. आपण काय करून बसलो ते तिला कळलं. आपल्याच हाताने त्याचं दार उघडून दिलं.

"सोडणार ना त्याला आता?"

"तो कुणाला काही करेल, असं मला वाटत नाही," डॉक्टर म्हणाली. तिने खुर्ची जवळ ओढली आणि एरवी ग्रादिमिरशी बोलायची त्याच शांत आवाजात विचारलं, "स्तामेन्काबाई, तो गावी आला, तर तुम्ही काय कराल?"

काय उत्तर दिलं की माणूस शहाणा ठरतो, हे स्तामेन्काला ठाऊक होतं. रडायचं, दुःखाने भान सुटलं म्हणायचं, की सुटका. तिने बोटांना चिकटलेला गहू पुसला.

"मारीन," ती म्हणाली.

"रागाच्या भरात?"

"छे. सकाळी उठून, चूल पेटवून, तोंड धुऊन. लिहा."

डॉक्टरने ते शब्दशः लिहून घेतलं. "मग त्याला मी त्या घरी पाठवू शकत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही आज घरी सोडता येणार नाही."

"नका सोडू," स्तामेन्का म्हणाली. "त्याची खोली कुठली आहे?"