शेततळ्याची हद्द

"सांग तुझ्या बायकोला, कुंपणाचा खांब रवायचा तर आधी हद्द ठरू दे," अजिनाथ शेततळ्याच्या काठावरून कल्याणला म्हणाला. निकिता समोरच उभी होती. पण धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती, भांडणातसुद्धा.

वाटण्या झाल्या. ऊस वाटला, गोठा वाटला, तळं तेवढं दोघांच्या मधोमध राहिलं. आतला प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका बुळबुळीत झाला होता, की परवा पडलेलं कुत्रं काही वर येऊ शकलं नाही. कागदावर घासणारी त्याची नखं निकिताच्या कानातून जात नव्हती. तिची लेक धनू नुकती पळायला लागलेली.

नगरच्या लॉ कॉलेजात निकिता तासिका तत्त्वावर शिकवायची. शेजारचे देश समुद्र कसा वाटून घेतात, ते काल तिनंच समजावलं होतं: दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर मधली रेघ. अजिनाथनं मान डोलावली होती. आणि आज सकाळी त्याच्या बाजूनं पाण्यात मुरमाच्या गोण्या रचलेल्या.

"आता माझा काठ हितनं. मोजा म्हनावं."

"माणसानं रचलेला ढीग समुद्र मोजताना धरत नाहीत, दादा."

"कल्याण, तिला सांग, त्यो समुद्र हाय. खारट. हितल्या पान्यावर ऊस हाय माझा."

"बरं, हद्द राहू द्या. वाद मिटेपर्यंत तात्पुरतं कुंपण घालू. त्यानं कुणाचाच हक्क जात नाही, देशसुद्धा असं करतात. तुमचा पार्थही इथंच खेळतो."

अजिनाथची बायको रेश्मा पलीकडं खुरपत होती. तिथूनच म्हणाली, "आमच्या पोराचं आमी बघू. तुमी नगरला जाता तवा तुमच्या पोरीला कोन बघतं, ते बघा आधी."

"आज खांब, उद्या ताबा," अजिनाथ म्हणाला. "मी काय येडा हाय व्हय रं, कल्याण?"

कल्याणनं पहार उचलली आणि घराकडं चालू लागला.

निकितानं मग एका दोराला गाठी मारल्या, तो काठावरच्या बाभळीला बांधून आत सोडला. पडलंच कोणी, तर धरायला काही असावं. अजिनाथनं तो ओढून काढला, गुंडाळला आणि तिच्या पायाशी टाकला. कल्याण तिथं नव्हता, तरी त्यालाच बोलावं तसं म्हणाला, "कल्याण, टोक आमच्या पान्यात आलंय."

निकितानं घरून खुर्ची आणली. धनूला पदराच्या टोकाला बांधलं आणि काठावर, पाण्याकडं पाठ करून बसली. कॉलेजात तिचा तास सुरू व्हायची वेळ होती. फोन वाजून वाजून थांबला.

चेंडूमागं पार्थ धावत आला. चेंडू तिच्या खुर्चीखालून पाण्यात गेला. तिनं हात आडवा धरून त्याला छातीशी अडवलं.

"माघारी फिर. जाऊ दे तो."

रेश्मा उठून उभी राहिली होती. तिनं पोराला हाक मारली नाही. निकिताचा आडवा हात तिनं पाहिला, आणि तळ्याकडं पाठ करून पुन्हा खुरपायला बसली.