सरासरीचा वारा

आपला नवरा चंडीगडला बसून समुद्राचा अभ्यास करतो, हे कुणाला सांगायचं म्हटलं की चौदा वर्षांनंतरही सुनंदाला कसंनुसं व्हायचं. समुद्र इथून हजार मैल. पाणी म्हणायचं तर सुखना तलाव, आणि तिथे रविवारी भाड्याच्या होड्यांत बसून लोक भुईमुगाच्या शेंगा खातात. पण वामनराव फाटक विद्यापीठात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, किनाऱ्यालगतचं वरवरचं पाणी वारा कुठे ढकलून नेईल याची आकडेमोड करायचे. त्या आकडेमोडीने घर खाल्लं होतं. जेवणाच्या टेबलावर नकाशे असत, म्हणून माणसं खाली बसून जेवत.

या वेळी मात्र सुनंदाने कुरकूर केली नव्हती. काम वेळण्याचं होतं, तिच्या माहेरच्या गावचं. खाडीच्या तोंडाबाहेर दोन मैलांवर एका कारखान्याचं सांडपाणी नळाने सोडायचं होतं, आणि ते परत किनाऱ्याला लागेल का एवढंच सरकारला हवं होतं. अहवाल पसंत पडला की किनाऱ्यावरच्या नव्या केंद्रात वामनरावांची जागा पक्की, असं वरून कळलं होतं. म्हणजे घरी परत जायचं. इथल्या कोरड्या थंडीला, भेगाळलेल्या टाचांना ती विटली होती. लेक विनया आता मराठीत विचारलेल्याला हिंदीतच उत्तर द्यायची, कालच ती मावशीच्या पत्राकडे बघून म्हणाली होती, "मम्मी, आप पढ़ दो ना."

वामनरावांचं उत्तर तयार होतं: पाणी दक्षिणेला जाईल, खाडीच्या वाटेलाही जाणार नाही. ते तपासायला डिसेंबरात नळाच्या जागी लाँचमधून तीनशे कार्डं सोडली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ज्याला सापडेल त्याने गाव आणि तारीख लिहून कार्ड टपालात टाकायचं. डिपार्टमेंटची डाक हमखास गहाळ होते म्हणून त्यांनी घरचा पत्ता छापला होता. जानेवारीभर पोस्टमन सरदारजी सायकलवरूनच ओरडायचा, "बीबीजी, समंदर की चिट्ठी!" एकेचाळीस कार्डं आली, सगळी दक्षिणेच्या गावांतून. वामनराव नकाशावर टाचण्या टोचत आणि चक्क गुणगुणत.

अहवाल शनिवारी निघायचा होता. बुधवारी दुपारी चार कार्डं एकदम आली. चारही वेळण्याची. खाडीच्या आत, तिवरांच्या मुळांत अडकलेली. गावातल्या बायकांना तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढताना चिखलात मिळाली होती आणि मास्तरांनी सुवाच्य अक्षरात तसं लिहून दिलं होतं.

सुनंदाने ती वाचली आणि गव्हाच्या डब्यामागे सारली. का, ते तिला नीट ठाऊक होतं. उगाच आव आणण्यात अर्थ नव्हता. तिला घरी जायचं होतं.

दोन दिवस तिने काढले. शुक्रवारी सकाळी कणीक मळताना हात थांबला. त्या चिखलात पहाटेपासून वाकलेल्या बायका तिला दिसत होत्या, आणि त्यांच्या टोपल्यांतलं खाणारं सगळं गाव. तिची बहीण पद्मिनीसुद्धा तिथेच राहत होती. आपण जाऊन राहणार त्याच काठावर, आणि खाडी मात्र आपणच नासवलेली. तिने हात धुतले आणि कार्डं नेऊन नकाशावर ठेवली.

"बुधवारी आली. मी लपवली होती."

वामनरावांनी चारही कार्डं वाचली. चष्मा काढला, डोळे चोळले. रागावले नाहीत, रागवायलाही अंगात काही लागतं.

"पंचेचाळिसात चार," ते म्हणाले. "इतकी चूक चालते, सुनंदा. ही मी धरली नाहीत तरी कुणी विचारणार नाही. तू सांगशील तसं करतो."

हे ऐकून मात्र तिचा संताप झाला. चौदा वर्षं कुठे राहायचं ते तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता सगळा भार तिच्या डोक्यावर! "माझ्यावर काय टाकता? वारा कोणता धरलात ते सांगा."

"वेधशाळेचा. सकाळची नोंद आणि संध्याकाळची. दोन्हींची सरासरी काढली की उत्तरेचा येतो."

"उत्तरेचा?" तिला हसू आलं, पण ते दमलेलं होतं. "अहो, थंडीत आमच्याकडे असा वारा नसतोच. सकाळी मतलई, ईशान्येचा, जमिनीकडून समुद्रात. दुपारी खारा, वायव्येचा, समुद्रातून आत. तुम्ही दोन्ही मिसळून तिसराच केलात. खाऱ्या वाऱ्याला भरतीची वेळ साधली की तरंगतं ते सगळं खाडीत शिरतं, तिवरात अडकतं. सकाळचा मतलई त्याला बाहेर काढत नाही. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

वामनरावांनी चारही कार्डं नकाशावर खाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मग एकच म्हणाले, "म्हणजे दिवसाचे तुकडे करून सगळं पुन्हा. वर्ष तरी जाईल. जागा तोवर थांबणार नाही."

"माहीत आहे."

त्यांनी कोरा कागद ओढला, उभ्या रेघा मारल्या. वेधशाळेकडून तासातासाच्या नोंदी मागवायच्या होत्या. तोवर अंदाजाचा तक्ता तरी हवा. सुनंदा समोर बसली. कॅलेंडरातल्या मराठी महिन्यांवर बोट ठेवत ते विचारू लागले आणि ती सांगू लागली.

"पौषात मतलई दहापर्यंत. मग वारा पडतो, पान हलत नाही. एकच्या सुमाराला खारा सुटतो आणि दिवेलागणीला थांबतो."

"माघात?"

"तसंच. खारा जरा आधी, बाराला."

"फाल्गुनात?"

तिने तोंड उघडलं. फाल्गुनात अंगणात पापड वाळत घातलेले असत. वारा सुटला की आई आतून ओरडायची, कापडावर दगड ठेवा ग! ती हाक तिला स्पष्ट ऐकू येत होती. पण जेवणं झालेली असत की व्हायची असत? ऊन ओटीपर्यंत आलेलं असायचं की निघून गेलेलं? तिने डोळे मिटले, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. वामनराव पेन्सिल धरून थांबले होते.

"किती वाजता, सुनंदा?"

"मला आठवत नाही हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.